प्रत्येक पानावर नवा तक्ता कशासाठी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात ज्येष्ठ वाचकांची एक तक्रार अधूनमधून येते. पतसंस्थेचं, सोसायटीचं किंवा कुठल्याशा कार्यालयाचं काम ऑनलाइन झालं आणि सोपं व्हायच्या ऐवजी अवघड होऊन बसलं, अशी. त्यावर पुढच्या आठवड्यात कुणीतरी हटकून लिहितं की ज्येष्ठांनी नवं शिकायला हवं, नातवंडांना हाताशी घ्यावं. मी ही सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांपैकी आहे. एरंडवण्यातल्या एका लहान कंपनीत पतसंस्था आणि गृहरचना संस्थांसाठी वेब अ‍ॅप्लिकेशन बनवायचं काम करते. तरीही या वादात मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूची आहे. दोष त्यांच्या वयाचा नाही. पुष्कळदा तो आम्ही बनवलेल्या तक्त्यांचा असतो.

तक्ता म्हणजे पडद्यावरची ओळी-रकान्यांची यादी. आमच्यात तिला ग्रिड म्हणतात. सभासद यादी, कर्ज यादी, थकबाकी, मुदत ठेवी, देखभाल शुल्काची बाकी, काहीही उघडा, समोर तक्ताच येतो. संस्थेतला कर्मचारी दिवसाचा बहुतेक वेळ कुठल्या ना कुठल्या तक्त्यापुढेच बसलेला असतो. आणि एकाच कंपनीने बनवलेल्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये हे तक्ते दर पानावर वेगळे वागतात. तक्त्याने कसं वागायचं हे सगळ्या अ‍ॅप्लिकेशनसाठी एकदाच, एका जागी लिहावं आणि सगळ्या पानांनी तेच वापरावं, एवढंच मला म्हणायचं आहे. हे आमच्या धंद्यातल्या लोकांना ठाऊक नाही असं नाही. पण सॉफ्टवेअर विकत घेणारी संचालक मंडळं आणि सोसायट्यांच्या कमिट्या ते मागत नाहीत, आणि न मागितलेलं देण्याची आमच्याकडे पद्धत नाही. म्हणून हे पत्र वर्तमानपत्राला लिहिते आहे.

जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं अ‍ॅप्लिकेशन आमच्याकडे देखभालीसाठी आलं. बनवलं होतं दुसऱ्याच कंपनीने. तिथे वसुली विभागात एक बाई आहेत, कामाला अतिशय चोख. थकबाकीच्या यादीत 'येणे रक्कम' या मथळ्यावर क्लिक केलं की सगळ्यात मोठी बाकी वर येते, असं त्या धरून चालल्या होत्या. धरून चालायला कारणही होतं, कर्ज यादीच्या पानावर तसंच होत होतं. थकबाकीच्या पानावर मात्र क्रम लागायचा तो फक्त समोर दिसणाऱ्या पन्नास नोंदींचा. बाकीच्या नोंदी सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या मध्यवर्ती संगणकावर, त्यांना या क्लिकचा पत्ताच नाही. यादी मुळात आडनावाप्रमाणे येत होती. त्यामुळे मासिक सभेपुढे 'सर्वांत मोठे दहा थकबाकीदार' म्हणून जे नाव-पत्ते गेले, ते खरं तर वर्णमालेतल्या पहिल्या पन्नासांमधले दहा होते. एका संचालकांना आपल्याच गावचा एक बडा थकबाकीदार त्यात दिसेना. त्यांनी सभेतच विचारलं, "बाई, हे नाव कुणाच्या सांगण्यावरून गाळलंत?"

संशय कुणावर आला बघा. सॉफ्टवेअरवर नाही. आणि गंमत अशी की दोन्ही पानं आपापल्या जागी बरोबर होती. कर्ज यादी लिहिणाऱ्याने सगळ्या नोंदी एकदम ब्राउझरमध्ये आणल्या होत्या, तिथे क्रम सगळ्यांचा लागणारच. थकबाकीची यादी मोठी, म्हणून दुसऱ्याने ती पानापानाने आणली. तेही रास्त. पण मथळ्यावरचा छोटा बाण दोन्हीकडे तोच होता, आणि त्या बाणाचा अर्थ मात्र दोन पानांवर दोन.

त्याच अ‍ॅप्लिकेशनमध्ये ठेवींच्या पानावर तारीख ०३/०४/२०२५ अशी होती, कर्जाच्या पानावर २०२५-०४-०३ अशी, आणि पिग्मीच्या पानावर ०४/०३/२०२५ अशी. तिन्ही ३ एप्रिलच. शेवटची तारीख आपल्याकडचा कुणीही ४ मार्च अशीच वाचणार, म्हणजे नोंद थेट आधीच्या आर्थिक वर्षात जाऊन पडली. रकमा एका ठिकाणी १,२५,०००, दुसरीकडे १२५,०००. नोंदच नसलेली रक्कम एका पानावर रिकामी, दुसऱ्यावर ०.०० दाखवलेली. वसुलीचा हप्ता 'आलाच नाही' आणि 'शून्य आला' यात हिशेबाच्या दृष्टीने केवढा फरक आहे हे लेखापरीक्षकाला विचारा.

हे असं का होतं? ब्राउझरमधला मूळचा तक्ता हे अगदी साधं प्रकरण आहे. एचटीएमएल या वेब पानं लिहिण्याच्या भाषेच्या १९९७ च्या ३.२ आवृत्तीपासून तो अधिकृतपणे आहे, पण ओळी-रकाने मांडण्यापलीकडे त्याला काही येत नाही. क्रम लावणं, गाळणं (म्हणजे हव्या तेवढ्याच नोंदी समोर ठेवणं), रकाने सरकवणं, पानं पाडणं, फाइल उतरवून देणं, हे सगळं वरून लिहावं लागतं. त्यासाठी तयार लायब्रऱ्या, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेले कोडचे संच आहेत. एजी ग्रिड आहे, डेव्हएक्स्ट्रीम आहे, एमयूआयचं डेटा ग्रिड आहे. त्या उत्तम आहेत. पण त्यांना शेकड्यांनी कळा, म्हणजे तक्त्याचं वागणं ठरवणारे पर्याय असतात, आणि कोणती कळ कुठे ठेवायची हे दर पान लिहिणारा स्वतः ठरवतो. किंवा ठरवतही नाही. जवळचं एखादं जुनं पान कॉपी करतो, रकान्यांची नावं बदलतो आणि पुढच्या कामाला लागतो. काही वर्षांत एकाच घराण्यातली चाळीस पानं तयार होतात आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. एका पानावर दुरुस्ती केली तर बाकीच्यांना ती कळत नाही.

दुसरं कारण पैशाचं आहे, आणि ते आमच्या धंद्यात कुणी मोठ्याने बोलत नाही. अंदाजपत्रक पुष्कळदा पानांच्या संख्येवर निघतं. इतकी पानं, दर पानाला इतके दिवस. सगळ्या पानांना पायाभूत ठरेल असं एक सामाईक काम करायचं तर त्या कामाचं पान कुठे दिसत नाही, मग त्याचे पैसे कोण देणार? आणि ते केलं तर पुढची पानं लवकर होतात, म्हणजे बिलही कमी होतं. या गणितात शहाणपणाला जागा फारशी उरत नाही.

आपल्या महसूल खात्याने हा प्रश्न कागदावर कधीचाच सोडवलेला आहे. गाव नमुने १ ते २१ ठरलेले. सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंदवही, आठ-अ म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा. मावळातला सातबारा वाचता येणाऱ्याला लातूरचा सातबाराही वाचता येतो. भोगवटादार कुठे, क्षेत्र कुठे, इतर हक्क कुठे, डोळा आपोआप तिथे जातो. तलाठी बदलला म्हणून रकाने बदलले नाहीत. आमच्याकडे मात्र प्रोग्रॅमर बदलला की रकाने बदलतात.

सॉफ्टवेअरमध्ये हे करायची सोय आहेच. एजी ग्रिडमध्ये सगळ्या रकान्यांना लागू होणारी एक मूळ मांडणी देता येते, तिला ते डिफॉल्ट कॉलम डेफिनिशन म्हणतात. तिच्यावर रकान्यांचे प्रकार ठरवता येतात. त्याहीवर त्या-त्या पानाचं स्वतःचं म्हणणं. मूळ मांडणीवर प्रकार मात करतो आणि प्रकारावर पान मात करतं. डेव्हएक्स्ट्रीममध्ये सगळ्या तक्त्यांची डिफॉल्ट मांडणी सुरुवातीलाच सांगून ठेवता येते, एमयूआयमध्ये हेच थीमच्या फाइलमध्ये जातं. म्हणजे अडचण यंत्राची नाही. एक फाइल हवी, ती कुणाच्या तरी ताब्यात हवी, आणि नवं पान लिहिणाऱ्याने तिच्यातूनच सुरुवात करायची असा दंडक हवा.

सगळा जीव आहे तो मधल्या पायरीत, रकान्यांच्या प्रकारांत. 'हा रकाना रकमेचा', 'हा तारखेचा', 'हा खाते क्रमांकाचा' एवढंच पानाने सांगावं, पुढचं सगळं प्रकाराने जाणावं. वाचायला हे सोपं वाटतं. करायला बसलं की एकेका प्रकारात किती गोष्टी दडलेल्या आहेत ते कळतं.

रक्कमच घ्या. आत साठवलेला आकडा आणि पडद्यावर दिसणारा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिसायला १,२५,००० दिसावं, पण आत तो निव्वळ आकडाच राहायला हवा. कुणी घाईत स्वल्पविरामासकट त्याचं अक्षरांत रूपांतर केलं की क्रम अक्षरांप्रमाणे लागतो, आणि मग ९,००० हे १,२५,००० पेक्षा मोठं ठरतं, कारण नऊ हे एकाच्या पुढे. मी हे एकाहून जास्त संस्थांमध्ये पाहिलं आहे. त्यात आपल्या मराठी अंकांची भर. ब्राउझरला 'रक्कम मराठीत दाखव' म्हटलं की तो लाख-कोटीच्या पद्धतीने स्वल्पविराम तर देतोच, वर अंकही देवनागरी करतो. छान दिसतं. पण शोधखिडकीत बाई टाइप करतात कीबोर्डवरच्या इंग्रजी अंकांनी, आणि तक्ता म्हणतो अशी नोंद नाही. उलट कुणी देवनागरीत १२५ टाइप केलं तर जावास्क्रिप्टला, म्हणजे ब्राउझरमधल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला, तो आकडा आहे हेच उमगत नाही. दोन्हीकडून आलेलं एक समजायचं ही तजवीज एकदा रकमेच्या प्रकारात केली की संपलं. चाळीस पानांवर चाळीस वेळा कोण करणार? कुणी करत नाही, आणि संस्थांचे सचिव मराठी अंक नकोच म्हणून सांगतात. दोष मराठीवर जातो.

खाते क्रमांक हा आकडा नाहीच, ती अक्षरं आहेत, हे तर भिंतीवर लिहून ठेवावं असं वाटतं. आकडा समजला की सुरुवातीची शून्यं गळतात. फाइल उतरवून एक्सेलमध्ये उघडली तर त्याची अचूकता १५ आकड्यांपर्यंतच, सोळा आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा आकडा तो मुकाट्याने शून्य करून ठेवतो. मुकाट्याने हे महत्त्वाचं. एक्सेलच्या जुन्या आवृत्त्यांत कुठलीही सूचना येत नाही.

नावांच्या रकान्यात आपला ळ. संगणकाच्या युनिकोड क्रमात (अक्षरांना क्रमांक देण्याच्या पद्धतीत) ळ हा ल नंतर लगेच आणि व च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत तो ह च्याही पुढे. त्यामुळे कालेकर, कावरे, कासार, काळे असा जो क्रम आपल्याला अपेक्षित असतो, त्याऐवजी काळे हे कावऱ्यांच्या आधी जाऊन बसतात. शिवाय ऱ हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतं, एकसंध किंवा र आणि खाली नुक्ता (टिंब) असं. डोळ्यांना दोन्ही सारखीच. एकाने एका तऱ्हेने गोऱ्हे लिहिलं आणि दुसऱ्याने दुसऱ्या तऱ्हेने शोधलं, तर तो सभासद संस्थेत नाही असं उत्तर मिळतं. दोन्ही रूपं आधी एकसारखी करून मग ताडून पाहायची एवढाच उपाय, दोन ओळींचा. पण त्या दोन ओळी प्रत्येक पानावर असाव्या लागतात, आणि त्या प्रत्येक पानावर फक्त एकाच मार्गाने पोचतात.

फाइल उतरवण्याबद्दलही थोडं. मराठी मजकुराची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी) फाइल सुरुवातीला एक अदृश्य खूण न घालता दिली की एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर नावांच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. ती खूण घातली की नीट दिसते. आमच्या त्या पतसंस्थेत सभासद यादीच्या फाइलमध्ये ती होती, थकबाकीच्या फाइलमध्ये नव्हती. म्हणजे एका प्रोग्रॅमरला हे कोडं कधीतरी सुटलं होतं. सुटलेलं उत्तर त्याच्या पानापुरतंच राहिलं.

आधारचा प्रकार मात्र सावध करणारा. पडद्यावर बारापैकी शेवटचे चार आकडेच दिसायचे, बाकी फुल्या. संचालक मंडळ खूश. पण त्या फुल्या नुसत्या दाखवण्यापुरत्या होत्या, पूर्ण क्रमांक सर्व्हरवरून ब्राउझरपर्यंत आलेलाच असायचा, आणि फाइल उतरवली की तिच्यात सगळ्यांचे पूर्ण आधार क्रमांक. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा झाल्यानंतरच्या काळातली ही गोष्ट. सामाईक मांडणीचा मी इतका पुरस्कार करते आहे, तरी इथे सांगायलाच हवं की तक्त्याची मांडणी म्हणजे सुरक्षितता नव्हे. जे दाखवायचं नाही ते सर्व्हरने पाठवायचंच नाही. मांडणीने फार तर इतकं करावं की चुकून आलंच तर फाइलमध्ये जाऊ देऊ नये.

आता उलट बाजू. एकसारखेपणाचा अतिरेक करणारेही आमच्यात आहेत. सगळी पानं एका साच्यातून काढायची म्हणून ते असा एक सर्वव्यापी तक्ता बनवतात की त्याला दर पानाच्या हट्टासाठी एकेक नवी कळ लागत जाते, आणि शेवटी मूळ लायब्ररी वापरणं त्याहून सोपं पडतं. मांडणी सामाईक असावी, पण पानाला 'मी इथे वेगळा वागणार' म्हणायची मुभा हवी. रोजकीर्दीचं उदाहरण मला यासाठी सगळ्यात आवडतं. तिथे नोंदी व्हाउचरच्या क्रमाने असतात आणि शेवटच्या रकान्यात चालू शिल्लक. रकमेवर क्लिक करून क्रम बदलला की शिल्लक वरखाली उड्या मारायला लागते, तिला काही अर्थच राहत नाही. म्हणून बाकी सगळीकडे क्रम लावता यावा आणि रोजकीर्दीत तो बंदच असावा. हे त्या पानाच्या फाइलमध्ये एका ओळीत लिहावं आणि शेजारी कारणही लिहावं. पुढच्या माणसाने 'इथे क्रम लावायचा राहिला वाटतं' म्हणून तो उत्साहाने सुरू करू नये एवढ्यासाठी. पिग्मी एजंटांच्या मोबाइलवरचं पानही तसंच. तिथे नाव, खाते, आजची रक्कम, तीन रकाने पुरे. उन्हात उभं राहून कुणी गाळण्या लावत बसत नाही.

वेगळेपणा कसा मांडायचा याचीही एक रीत आहे. आमच्या कंपनीतल्या एका मुलाने रोजकीर्दीसाठी क्रम बंद केला तो स्वतःच्या प्रतीत नाही, थेट सामाईक मांडणीतच. कोडमध्ये ती एकच वस्तू सगळी पानं वापरत होती. परिणाम असा की कुणी रोजकीर्द उघडून मग दुसऱ्या पानावर गेलं की तिथलाही क्रम बंद, आणि ब्राउझर ताजा केला की पुन्हा सुरू. शाखेतून फोन यायचे, सकाळी चालतं, दुपारी चालत नाही. आमच्याकडे मात्र दरवेळी चालायचं, कारण आम्ही रोजकीर्द उघडतच नव्हतो. त्यानंतर आम्ही सामाईक मांडणी गोठवून टाकली, म्हणजे तिच्यात बाहेरून काही बदलताच येत नाही, आणि दर पानाला एक फंक्शन नवी कोरी प्रत देतं. ज्यांना हे काम करायचं आहे अशा तरुण वाचकांसाठी आणखी एक: पानाचं म्हणणं आणि मूळ मांडणी एकत्र करताना वरवरची जोडणी करता की आतपर्यंतची, हे आधी ठरवा. वरवरची केलीत तर गाळणीची एक बारीक सवय बदलायला जाल आणि गाळणीच्या बाकी सगळ्या सवयी पुसून बसाल. आणि रिअ‍ॅक्ट (वेब पानं बनवायची एक लायब्ररी) वापरत असाल तर रकान्यांची यादी दर वेळी नव्याने तयार करून तक्त्याच्या हातात देऊ नका.

एका जागी लिहिण्याचा धोकाही तोच जो फायदा आहे, तिथे काही बिघडलं की सगळीकडे बिघडतं. त्यासाठी आम्ही एक नमुना पान ठेवलं आहे, ज्यावर सगळे प्रकारचे रकाने आहेत, उणे रकमा आहेत, रिकाम्या तारखा आहेत, काळे आणि गोऱ्हे आहेत. सामाईक फाइलला हात लावला की आधी ते पान बघायचं. फार काही नाही.

दिव्यांग वाचकांबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र अपुरं राहील. दृष्टिहीन कर्मचारी स्क्रीनरीडरवर, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, तक्ता ऐकतो. बाणाच्या कळांनी एका घरातून दुसऱ्या घरात जाता येणं, रकाना कोणता आणि क्रम चढता की उतरता हे ऐकू येणं, ही सोय तक्त्यात मुद्दाम ठेवावी लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर ही मेहेरबानी राहिलेली नाही. चाळीस तक्त्यांत चाळीस वेळा ही सोय कुणी करेल यावर माझा विश्वास नाही. एकदा करेल यावर आहे.

आता घेणाऱ्यांकडे वळते. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीचे खजिनदार काका निवृत्त बँकवाले. सोसायटीचं सॉफ्टवेअर तिसऱ्याच कुणाचं तरी. काका दर महिन्याला देखभाल शुल्काच्या बाकीची यादी छापून घेतात आणि कॅल्क्युलेटरवर बेरीज मारतात. मी एकदा म्हटलं, "काका, खाली बेरीज आहे की." ते म्हणाले, "आहे ना. या पानाची आहे. बाकीच्या सदनिका काय सिंहगडावर आहेत?" खरंच, तक्त्याखालची बेरीज फक्त समोरच्या पानापुरती होती, आणि त्याच सॉफ्टवेअरमध्ये खर्चाच्या यादीखालची बेरीज मात्र पूर्ण. काकांनी हे कॅल्क्युलेटरने पकडलं. वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आकडे त्यांच्या कागदावरून जातात, सॉफ्टवेअरमधून नाही.

काकांसारखी परीक्षा कुणालाही घेता येईल, संगणकाचं काही कळायची गरज नाही. विक्रेता प्रात्यक्षिक दाखवायला आला की तो एकच सजवलेलं पान दाखवतो. त्याला दोन-तीन वेगळी पानं उघडायला लावा, आणि ती त्याने नाही, तुम्ही निवडा. रकमेच्या मथळ्यावर क्लिक करा आणि विचारा, ही सगळ्या यादीतली मोठी रक्कम की या पानावरची? मग फाइल उतरवून घ्या आणि यादीत जितक्या नोंदी म्हणून लिहिलंय तितक्या फाइलमध्ये आहेत का मोजा. एखादं नाव शोधा, ळ किंवा ऱ असलेलं. तारखा आणि बेरजा पानापानाला ताडून पाहा. जिथे दोन पानं वेगळी वागतील तिथे 'हे मुद्दाम आहे का, आणि का?' एवढंच विचारा. रोजकीर्दीसारखं सबळ कारण असेल तर चांगला विक्रेता लगेच सांगेल. नसेल तर तो 'पुढच्या आवृत्तीत करून देऊ' म्हणेल. तेव्हा सही करू नका.

एक आणखी सूचना, पैशाच्या संदर्भात. एक्सेलची फाइल थेट देणं किंवा ओळींचे गट पाडणं अशा काही सोयी एजी ग्रिडसारख्या लायब्ररीच्या सशुल्क आवृत्तीतच मिळतात, सीएसव्ही मात्र मोफत आवृत्तीतही मिळते. विक्रेता परवान्याचे पैसे लावत असेल तर नेमकी कोणती सोय तुम्हाला हवी म्हणून ते लागतायत हे विचारून घ्या. बऱ्याच संस्थांना सीएसव्ही पुरते, फक्त ती मराठीत नीट उघडणारी हवी.

करारात घालायला मी आमच्या ओळखीच्या एका संस्थेला हा मजकूर लिहून दिला. तो इथे देते, कुणालाही वापरता येईल: "अ‍ॅप्लिकेशनमधील सर्व तक्त्यांचं क्रम लावणं, शोध, गाळणी, बेरीज, फाइल उतरवणं, तारीख व रक्कम दाखवण्याची पद्धत ही एकाच सामाईक मांडणीतून घेतलेली असेल. एखाद्या पानावर त्यात बदल असल्यास तो बदल व त्याचं कारण लेखी दिलं जाईल. सामाईक मांडणीतील दुरुस्ती सर्व पानांना लागू होईल व तिचं शुल्क एकदाच आकारलं जाईल." शेवटच्या वाक्यावर विक्रेते घासाघीस करतील. आमच्या कंपनीनेही केली.

बहुतेक संस्थांचे देखभालीचे करार आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला नव्याने होतात, तेव्हा हे मागण्याची संधी असते. वसुली विभागातल्या त्या बाईंचं पुढे काय झालं असं कुणी विचारेल म्हणून सांगते, आम्ही संचालक मंडळाला लेखी पत्र दिलं की नाव कुणीही गाळलेलं नव्हतं, तक्त्याने गाळलं होतं. ते पत्र पुढच्या सभेच्या इतिवृत्तात जोडलं गेलं. थकबाकीचं पान आता सर्व्हरवरून क्रम लावतं. वरच्या मजकुरात आणखी काय असायला हवं, हे पतसंस्थांमध्ये प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी आणि सोसायट्यांच्या खजिनदारांनी याच सदरात लिहावं, अशी विनंती आहे. पत्र लांबलं आहे. कात्री लावायची झाल्यास रिअ‍ॅक्टचं वाक्य आधी काढावं, ळ राहू द्यावा.

आपली,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे
(नाव छापू नये ही विनंती. कंपनीत आपला पेपर येतो.)